एराकोब्राचं दार

विमानाला मोटारीचं दार असतं, हे अनिलला खरंच वाटेना.

"काका, काच खाली करायला हँडलसुद्धा आहे हो! आमच्या पुण्यातल्या फियाटसारखं!"

इल्या हसला नाही. १९८५ साल. अमेरिकेतल्या चँडलर गावापासून तासाभरावर, एका खाजगी संग्रहालयात हे जुनं एराकोब्रा लढाऊ विमान उभं होतं. अमेरिकेनं बनवून दुसऱ्या महायुद्धात रशियाला दिलेलं. विसाव्या वर्षी इल्या रशियाच्या बाजूनं असंच विमान उडवायचा. म्हातारपणी बायकोला घेऊन तो अमेरिकेत आला आणि आज शेजारच्या अनिलनं हट्टानं दोघांना इथं आणलं होतं.

बायको रोझा. तिचा भाऊ बोर्या हवेत इल्याच्या मागे राहून त्याची पाठ राखायचा. त्रेचाळीस साली रशियातल्या कुबानच्या हवाई लढाईत तो गेला. "डोक्यात गोळी लागली. त्याला कळलंसुद्धा नाही," इल्यानं तिला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर त्यांचा संसार उभा होता.

संग्रहालयाचा माणूस दार उघडून सांगू लागला, "विमान पेटल्यावर उडी मारणारा वैमानिक पंखावरून नीट घसरला नाही, तर मागची शेपटी त्याचे पाय तोडायची."

इल्यानं शेपटीकडे पाठ फिरवली. रोझानं ते पाहिलं, मग शेपटी पाहिली.

"बोर्यानं असं दार उघडलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. बेचाळीस वर्षांची सवय होती. पण या दारासमोर उभं राहून खोटं बोलवेना.

"उघडलं होतं," इल्या म्हणाला.

मग सगळंच बाहेर पडलं. एक जखमी जर्मन बाँबर पळत होता. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे एक तारा, असा इल्याला आपल्या विमानावर रंगवायला पाचवा तारा हवा होता. तेवढ्यात वर जर्मनांची लढाऊ विमानं दिसली आणि रेडिओवर बोर्या ओरडला, "वर दोन मेसर आहेत, वळ!" इल्या म्हणाला, "अर्धा मिनिट!" त्यानं बाँबरच्या मागच्या मशीनगनवाल्याला उडवलं, काच आतून लाल झाली, बाँबर कोसळला. वळून पाहतो तर बोर्याचं विमान पेटलेलं. त्यानं उडी मारली. शेपटीनं दोन्ही पाय गुडघ्यातून तोडले. हवाई छत्री उघडली, रक्ताची धार लागली, आणि मेसरनं त्या लोंबत्या पोराची चाळण केली. इल्यानं तो मेसर पाडला. जर्मन पोरगाही छत्रीनं उतरू लागला, हात वर करून. इल्यानं तोफ चालवली. नुसती रिकामी छत्री खाली गेली.

"संध्याकाळी पोरांनी माझ्या विमानावर दोन तारे रंगवले," तो म्हणाला. "मी रंगवू दिले."

"बोर्या तेव्हा जिवंत होता? छत्रीत?"

"मान वळवून मला शोधत होता."

रोझानं त्याच्या तोंडात मारली. चष्मा फुटला, ओठ फाटला. ती पुन्हा पुन्हा मारत राहिली. त्यानं हात वर केले नाहीत. अनिल मध्ये पडला.

"काकू, प्लीज!"

"गाडी काढ, अनिल."

"आणि काका?"

रोझानं वळूनही पाहिलं नाही.

"त्याला सांग, अर्धा मिनिट थांब."