रजईतलं पीठ

घड्याळजी पलंगावर उताणे पडले होते आणि त्यांच्या दोन पोटऱ्यांच्या मध्ये, चादरीत गुंडाळलेलं, झाकण लावलेलं एक पातेलं होतं. पातेल्यात पावाचं पीठ. त्या घरात यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. इतक्या उंचावर हिवाळ्यात स्वयंपाकघर असं गारठायचं की तिथे ठेवलेलं पीठ फुगायचं सोडून आक्रसायचं, आणि अख्ख्या घरात रात्रंदिवस उबदार अशी जागा एकच होती, ती म्हणजे घड्याळजी. लग्न झाल्यापासून एकतीस हिवाळे ते एक दिवसाआड पीठ उबवत आले होते. शेजारची शिक्षिका त्यांना तोंडावर खुडूक कोंबडी म्हणायची. ते मनाला लावून घेत नसत. कोंबडीला शेवटी पाव मिळत नाही, त्यांना मिळायचा. गरम, लोणी लावून, खिडकीपाशी, बाहेर बर्फ पडत असताना. याहून मोठं सुख जगात असलंच, तर ते त्यांच्या दुकानात कधी दुरुस्तीला आलं नव्हतं.

आज मात्र पातेल्यात नुसतं पीठ नव्हतं. आज तिथे न्यायाधीश बसले होते.

झालं होतं असं. मागच्या हिवाळ्यात घड्याळजींच्या छातीत पाणी झालं होतं आणि ते थोडक्यात वाचले होते. तेव्हा डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "पुन्हा ताप आला की एक दिवससुद्धा वर थांबायचं नाही. तडक खाली यायचं." खाली म्हणजे शहरात. शहरात म्हणजे लेकीच्या घरी, सातव्या मजल्यावर, जिथे खिडक्या उघडत नाहीत आणि जावई मीठ मोजून देतो. एकदा खाली गेलो की लेक परत वर येऊ देणार नाही आणि उन्हाळ्यापर्यंत हे घर विकलेलं असेल, हे घड्याळजी पुरतं ओळखून होते. आणि आज दुपारी तीनची बस ही शेवटची. ती गेली की रस्ता बंद. बर्फ काढायचं मशीन यायला चार दिवस तरी लागणार.

घड्याळजींना काल संध्याकाळपासून ताप होता.

सकाळी बायकोने थर्मामीटर लावला, त्याआधी त्यांनी खिडकीबाहेर लोंबणारा बर्फाचा सुळका मोडून तोंडात धरला होता. पारा चौऱ्याण्णवावर थांबला. बायकोने थर्मामीटर उजेडात धरून दोनदा पाहिला.

"चौऱ्याण्णव? अहो, चौऱ्याण्णवला माणसाला उठवत नाहीत. उचलतात."

"माझा गुणच आहे थंड."

"तुमचा गुण मला माहीत आहे." तिने थर्मामीटर डबीत टाकला. "माझा यावर काडीचा विश्वास नाही. पीठ काय ते सांगेल. आता दहा वाजलेत. तुम्ही धड असलात तर माझं पीठ तीन तासांनी येतं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. एकला आलं तर राहा. आधी आलं तर तीनच्या बसने खाली. मी बॅग भरून दारात ठेवतेय."

ही धमकी पोकळ नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्यांना विषमज्वर झाला, तेव्हा डॉक्टरांच्या दोन दिवस आधी तो पिठाने ओळखला होता. झाकण उडून पलंगाखाली गेलं होतं. थर्मामीटरला फसवता येतं, कारण तो काचेचा असतो आणि त्याला अनुभव नसतो. पिठाच्या तोंडात सुळका कुठून धरणार?

अकरा वाजता घड्याळजींच्या डाव्या पोटरीला झाकण हलकेच टेकलं.

त्यांना घाम फुटला, आणि घाम फुटल्यावर ते आणखी घाबरले, कारण घामसुद्धा गरमच असतो. त्यांनी पाय जमतील तेवढे लांब केले. रजई वर उचलून आत वारा घातला. शेवटी खिडकीची फट उघडून दोन मुठी बर्फ आत घेतला आणि पातेल्याच्या कडेने थापला. बर्फ मिनिटभर टिकला. आता पीठ होतं तसंच होतं आणि गादी ओली झाली होती. चौसष्टाव्या वर्षी गादी ओली का, या प्रश्नाला अब्रूचं असं एकही उत्तर नसतं. त्यात त्यांना खोकला आला, आणि उजव्या बरगडीखाली कुणीतरी घड्याळाचा बारीक स्क्रू फिरवावा तशी कळ गेली.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून आवाज.

"काही नाही. हसू आलं."

"कशाचं?"

"असंच. पूर्वीचं."

सव्वाअकराला पीठ दुप्पट झालं होतं. झाकण टोपीसारखं तिरकं बसलं होतं. आता ती केव्हाही येणार, रजईत हात घालणार आणि संपलं.

तेवढ्यात बायकोने बाहेरचं दार उघडलं. "सरपणाच्या खोपीवर बर्फ साचलाय, पाडून येते," ती ओरडली. "नाहीतर छप्पर खाली येईल. पातेल्याला हात लावू नका!"

पातेल्याला हात लावायचा त्यांचा विचार नव्हताच. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची चुकलेली वेळ बरोबर करून दिली होती. बरोबर असलेली चुकवायला त्याहून निम्मी अक्कल लागते.

ते उठले. भिंत धरून, पायांवर ब्लँकेट ओढत स्वयंपाकघरात गेले. घरात घड्याळं तीन. भिंतीवरचं लंबकाचं, फळीवरचं गजराचं आणि बायकोचं मनगटी, जे पीठ मळताना ती खिळ्याला अडकवून ठेवायची. वीज दोन दिवस नव्हती, त्यामुळे तिचा मोबाइल कधीच गतप्राण झाला होता. सूर्य परवापासून कुणी पाहिला नव्हता. बाहेर सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच राखाडी रंगाचं. घड्याळजींनी तिन्ही घड्याळं दीड तास पुढे नेली. लंबक धरून पुन्हा सोडला. काटे बरोबर तेवढेच सरकले. हाताला वळण असतं, त्याला आपण पाप करतोय हे सांगावं लागत नाही.

ते रजईत शिरले आणि तिने दार उघडलं. तिने बूट झटकले. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! एक वाजून गेला? इतका वेळ मी छपरावर होते?"

"कामात माणसाला वेळ कळत नाही," घड्याळजी डोळे मिटूनच म्हणाले.

ती आत आली. रजईत हात घालून तिने पातेलं बाहेर ओढलं, झाकण काढलं, पिठात बोट खुपसलं. खड्डा तसाच राहिला. तिने घड्याळ पाहिलं, पुन्हा पीठ पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती, जी काल संध्याकाळपासून तिथे मुक्कामाला होती, ती निघून गेली.

"आलं की हो वेळेवर," ती म्हणाली. "उगाच मी घाबरले. गादी ओली कशाने?"

"पाणी सांडलं."

"कुठलं पाणी?"

"प्यायचं."

एरवी या उत्तरावर तिने उलटतपासणी घेतली असती. पण ती खुशीत होती. पातेलं काखोटीला मारून ती गुणगुणत गेली.

घड्याळजी जिंकले होते. मग त्यांना भीती कसली वाटत होती, ते त्यांनाच समजेना. पातेलं गेल्यावर पाय उघडे पडल्यासारखे झाले आणि हुडहुडी भरली. दातांवर दात आपटू नयेत म्हणून त्यांनी उशीचा कोपरा तोंडात धरला. भट्टीत लाकडं पडल्याचं ऐकू आलं. मग वास आला. दर हिवाळ्यात या वासाने ते लहान मुलासारखे उठून बसायचे. आज तो वास लांबून, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातून आल्यासारखा वाटला. श्वास अर्ध्यातच अडखळत होता. स्क्रू एकेक आटा पुढे जात होता.

भिंतीवरच्या घड्याळात तीनचे ठोके पडले. बायकोने खिडकी उघडली, कान दिला.

"आज हॉर्नसुद्धा नाही आला."

"बर्फात... मुरतो आवाज."

"गेली म्हणायची बस. जाऊ दे, आपल्याला कुठे जायचंय!" तिने बॅग उघडून शाली परत कपाटात ठेवल्या. मग ती बशी घेऊन आली. पावाच्या टोकाचा, खरपूस तुकडा होता, त्यावरून लोणी ओघळत होतं. त्याच्यावरून दोघं एकतीस वर्षं भांडत आली होती आणि आज तिने तो आपणहून दिला होता.

घड्याळजींनी हात पुढे केला. तुकडा हातातून निसटला, रजईवर लोण्याच्या बाजूने पडला. तो उचलताना तिची बोटं त्यांच्या मनगटाला लागली.

तिने पूर्ण पंजा त्यांच्या कपाळावर ठेवला, मग छातीवर, मग पुन्हा कपाळावर.

"तुम्ही भाजताय," ती हळूच म्हणाली. "पण पीठ तर वेळेवर आलं होतं."

घड्याळजी छताकडे पाहत राहिले.

"वेळेवर आलं होतं, मी स्वतः पाहिलं." ती पलंगाच्या कडेवर बसली. "म्हणजे माझंच चुकलं. यीस्ट कमी पडलं असणार. नाहीतर पाणी गार घेतलं. एकतीस वर्षांत कधी चुकला नाही हात, आणि चुकला तो आज." तिने आपले हात मांडीवर उलटे करून पाहिले, जणू ते कुणी बदलून नेले होते. "तुमचा थर्मामीटर खोटा आणि माझे हातही खोटे. आणि बस गेली."

मग ती उठली आणि बूट घालायला लागली.

"कुठे निघालीस?"

"खाली. मशीनवाल्याच्या चौकीपर्यंत. त्याला घेऊन येते."

"अकरा किलोमीटर आहे."

"माहीत आहे मला किती आहे."

"अगं, गुडघाभर बर्फ पडलाय. तासाभरात तूच कुठेतरी..."

"मग काय, इथे बसून पाव खाऊ?" ती पहिल्यांदाच ओरडली. "मागच्या वर्षी डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ग्लानीत होतात म्हणून ऐकलं नाहीत. मी ऐकलंय. शेजारणीला पाठवते तुमच्याजवळ. पडून राहा." तिने डाव्या बुटाची नाडी बांधली. उजव्याची घेतली.

घड्याळजींना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बस नाही, शहर नाही, बशीत खरपूस तुकडा. एवढंच, की ते मिळवण्यासाठी ही बाई आता दारातून बाहेर जाणार होती, आणि बाहेर काही दिसत नव्हतं.

"बस गेली नाही," ते म्हणाले.

"हो हो. पडा."

"अगं, खरंच गेली नाही. आत्ता पावणेदोन होतायत. मी घड्याळं पुढे केली. तिन्ही."

तिने नाडीवरून मान वर केली. नजरेत राग नव्हता, कणव होती, आणि ते फार वाईट होतं. "तापात बडबडायला लागले," ती स्वतःशीच म्हणाली आणि गाठ मारली.

आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळजी संपूर्ण खरं बोलत होते आणि नेमका त्याच वेळी त्यांना एकशे तीन ताप होता. शपथ घ्यावी तर आजाऱ्याची शपथ कोण धरतो? उठून घड्याळ उघडून दाखवावं तर पाय नव्हते. ती दाराच्या कडीपर्यंत पोचली.

"तुझा हात नाही चुकला!" ते ओरडले, आणि ओरडल्याने छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं. "पीठ सव्वाअकरालाच आलं होतं. सव्वा तासात. झाकण तिरकं झालं होतं. तू खोपीवर गेलीस, तेव्हा... तेव्हा केलं मी."

कडीवरचा हात थांबला.

ती वळली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग नवऱ्याकडे. एका बाजूला तीन घड्याळं होती आणि दुसऱ्या बाजूला तिचा एकतीस वर्षांचा हात. निवाडा करायला तिला श्वासभरही वेळ लागला नाही.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच बोट घातलं तेव्हा पीठ ढिलं लागलं. जास्त आलेलं होतं."

"हो."

"सव्वा तासात?"

"जेमतेम."

"मग ताप एकशे दोनच्या वर आहे," असं म्हणत तिने कपाट उघडलं आणि शाली बाहेर फेकायला सुरुवात केली.

दहा मिनिटांनी घड्याळजी सरपण ओढायच्या घसरगाडीवर होते. त्यांना दोन रजयांत बांधलं होतं, वर दोरी होती, आणि दिसत फक्त नाक होतं. बायको पुढून ओढत होती, शेजारची शिक्षिका मागून ढकलत होती आणि धापा टाकत विचारत होती, "पण घड्याळं का पुढे केली यांनी?"

"खुडूक आहेत म्हणून," बायको म्हणाली.

वळणावर बस उभी होती. इंजिन चालू होतं. ड्रायव्हर खाली उतरून काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्याने घसरगाडी पाहिली आणि खरवडणं तसंच टाकून धावला.

"चला, चला, उचला! बरं झालं लवकर आलात. चौकीवरून निरोप आलाय, तीनपर्यंत थांबू नको, रस्ता बुजतोय. मी दोनला काढतोय गाडी. अजून पाच मिनिटं उशीर झाला असता तर कुणी भेटलं नसतं."

रजईतून घड्याळजींचं नाक किंचित वर आलं. आपण ताप वेळीच कबूल केला असता तर ही बाई आपल्याला अडीचला आरामात घेऊन निघाली असती, हा हिशोब तापलेल्या डोक्यातसुद्धा चटकन झाला. त्यांनी तोंड उघडलं.

"एक शब्द नाही," बायको म्हणाली.

त्यांनी तोंड मिटलं.

मागच्या लांब बाकावर त्यांना आडवं केलं. बस सुटली. काचेबाहेर घर, वळण, शिक्षिका एकामागून एक राखाडी होत गेली. घड्याळजी ते पाहायला मान वळवू शकत नव्हते, म्हणून बायकोने पाहिलं, बराच वेळ, दोघांच्या वतीने. त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि श्वास अडकत, थांबत, पुन्हा सुरू होत होता. प्रत्येक वेळी तो थांबला की तिचा हात त्यांच्या छातीवर घट्ट व्हायचा.

"दवाखाना किती वेळ?" तिने विचारलं.

"दीड तास. रस्ता राहिला तर."

"आत्ता किती वाजले?"

"दोन वाजून चार मिनिटं," ड्रायव्हर म्हणाला.

तिने मनगटावरचं घड्याळ काढलं. एकतीस वर्षांत तिने त्याच्या चावीला कधी हात लावला नव्हता. घरात घड्याळजी असताना स्वतः घड्याळ लावणं म्हणजे सुताराच्या बायकोने खिळा ठोकण्यासारखं. आता मात्र तिने चावी दोन बोटांत धरली, दातांनी ओढली आणि बळ लावून उलटी फिरवायला लागली. हे घड्याळ उलटं फिरवलेलं चालत नसे. आतलं चाक दुखावतं. घड्याळजींना ते ऐकू येत होतं, एकेक दाता, कर्र, कर्र.

त्यांनी तिच्या हातात घड्याळ तसंच राहू दिलं आणि पुढचा श्वास घ्यायच्या कामाला लागले.