मामीच्या बुटाला कीड

मामीच्या दवाखान्यातली ती भिंत मला कधीपासून हवी होती. बाकांच्या समोरची, अख्खी पांढरी, साधा खिळासुद्धा नसलेली. मामी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. तिच्याकडे आलेली मुलं आपला नंबर येईपर्यंत त्या कोऱ्या भिंतीसमोर बसून राहतात आणि बसल्या बसल्या अजूनच घाबरतात.

"मामी, मला दे ना ती. अशी रंगवते की पोरं घरी जायचं नाव घेणार नाहीत."

"आधी माझे बूट रंगव," मामी म्हणाली. "घाबरलेलं पोर वर बघतच नाही. मान खाली घालतं, आणि त्याला दिसतात माझे बूट. बूट बघून एक जरी पोर खुललं ना, तर भिंत तुझी. नाहीतर पुन्हा भिंतीचं नाव काढायचं नाही."

आमच्या घरात भिंतींना हात लावायची बंदी आहे. बेसिनमागे मी एकदा केलेली कलाकृती आईने घासून काढली, आणि नंतर मलाही घासलं. तेव्हापासून माझी सगळी ग्राफिटी एकतर टॅबवर होते, नाहीतर कोणाच्या तरी जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर. भिंत म्हणजे भिंत, तिची सर कशालाच नाही!

मी मामीच्या पांढऱ्या बुटांचा फोटो काढला आणि टॅबवर त्या फोटोतच रंगवायला घेतलं. डाव्या बुटाच्या तोंडावर आ वासलेला जबडा. उजव्यावर ई करून दाखवलेली, चमचमणारी बत्तीशी. बाजूला फुगीर अक्षरांत 'आ' आणि 'ई', त्यांना जाड काळी कड, खाली ओघळणारा गुलाबी रंग.

आई पाठीमागून डोकावली. "आ आणि ई, म्हणजे मी? माझे दात एवढे मोठे आहेत?"

"ओरडतेस तेव्हा दिसतात."

चित्र बघून मामीने फोनवर नुसते लाल बदाम पाठवले. मग मी खरे बूट रंगवायला बसले. रबराच्या कडेला चिकटपट्टी लावली, आत कागदाचे बोळे कोंबले. सगळं झकास चाललं होतं, फक्त दात मनासारखे उतरेनात. टॅबवरचा पांढरा डोळे दिपवायचा, आणि कापडावरचा म्हणजे पाणी घातलेलं दूध. कापडावर रंगाचे पातळ थर द्यायचे असतात हे मला चांगलं माहीत आहे. पण धीर कोणाला? मी जाड साय थापावी तसा रंग थापला. दिसायला काय देखणा दिसला!

शाळा सुटल्यावर थेट दवाखान्यात गेले. मामीने लगेच बूट चढवले आणि ऐटीत फेरी मारली. बाकावर एक सहा वर्षांची मुलगी बाबांना चिकटून बसली होती, ओठ गच्च मिटलेले. मामी माझ्या कानात म्हणाली, "हे आमचं कुलूप. दोनदा येऊन गेलं, तोंड उघडलं नाही."

मामी वळली आणि माझी चूक मला दिसली. बूट चालताना दुमडतो! बोटांच्या मागे, नेमका जिथे मी बत्तीशी बसवली होती तिथे. फोटोतला बूट काही चालत नाही, मग मला कसं सुचणार? प्रत्येक पावलाला ती बत्तीशी करकचून मिटत होती. चार-पाच पावलं गेली असतील, तर पांढऱ्या रंगाचे दोन टवके सुटून फरशीवर पडले.

मामीने खाली बघितलं, मग माझ्याकडे. "भिंत विसर," ती दबक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात बाकावरून बारीक आवाज आला. "त्याचे दात पडले."

"बोलली!" बाबा ताडकन सरळ झाले.

कुलूप बाकावरून उतरून बुटाजवळ उकिडवं बसलं होतं. "याला कीड लागलीय."

पूर्वीची मी असते तर सॉरी म्हणून पळ काढला असता. पण ती मी आता राहिली नाही. मी पिशवीतून रंग काढला. "हो गं, दोन दात भरावे लागणार. तुला बघायचंय? मग आत मामीच्या त्या मोठ्या खुर्चीत बसावं लागेल, तिथूनच दिसतं."

कुलूप स्वतः चढून बसलं. मी फोन बुटासमोर टेकवून ठेवला, त्यावरून पिशवीतल्या टॅबला व्हिडिओ कॉल लावला आणि टॅब बाबांच्या हातात दिला. ते तो लेकीच्या डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. मामीला बजावलं, "पाय पुढे, बोटं सरळ. ओल्या रंगात बूट दुमडला तर सगळं मुसळ केरात." मग मी जमिनीवर पालथी पडले आणि बुटाला म्हणाले, "चला पेशंट, मोठ्ठा आ करा."

वर खुर्चीत कुलपानेही मोठ्ठा आ केला. मामीने संधी सोडली नाही. छोटा आरसा आत, औषधाचा कापूस आत, दोन्ही हात दात भरायच्या कामाला.

या वेळी मी पातळ थर दिला. फुंकर मारली, दुसरा थर दिला. पहिला दात उभा राहिला. दुसऱ्यापाशी आले आणि ब्रश हवेतच थांबवला.

"मामी."

"हं."

"भिंत."

"आत्ता? बये, माझे हात बघ कुठे आहेत!"

"म्हणून तर आत्ता. पोर खुललं की नाही?"

"बुटाचे दात पाडलेस, वर तोंड करून भिंत मागतेस?"

"पाडले म्हणूनच खुललं ना!"

खुर्चीतून "आं, आं" ऐकू आलं. कुलूप टॅबवरच्या रिकाम्या जागेवर बोट आपटत होतं. दुसरा दात का होत नाही, असं तिला विचारायचं होतं, आणि विचारायचं म्हणजे तोंड मिटणं आलं.

"डॉक्टर," बाबा घाबरून म्हणाले, "ती भिंत देऊन टाका ना!"

मामीचा एक पाय ताठ पुढे, कंबर वाकलेली, आणि मिटत चाललेल्या तोंडात अर्धवट भरलेला दात. "घे बाई, घे! अख्खी घे! पण रंगव!"

मी रंगवलं. पातळ थर, फुंकर, पुन्हा पातळ थर. कुलपाचा आ पुन्हा मोठ्ठा झाला.

खुर्चीत आडवं झालेल्या पोराला खरं तर छत दिसतं, हे मला जमिनीवर पडल्या पडल्या सुचलं. तेही मागून घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात मामीचं काम संपलं आणि तिचे दोन्ही हात मोकळे झाले.