भाडेकरूचं एक वर्ष

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना वर्षभराची कैद झाली ती सहा रोपांपायी. आणि खरं सांगायचं तर रोपांपायीही नाही, गच्ची दुसऱ्याची होती म्हणून.

पोलीस धावत होते भलत्याच चोरामागे. चोर पाइपावरून उतरून पसार झाला. पोलीस गच्चीवर धापा टाकत उभे, तर समोर तेलाच्या सहा डब्यांत गांजा डुलतोय! रिकाम्या हातानं परतण्यापेक्षा त्यांनी खालच्या भाड्याच्या खोलीत काजं करत बसलेल्या शिंप्याला, म्हणजे मास्तरांना उचललं. "रोपं मी लावली," एवढंच मास्तर बोलले, घरमालकिणीचं नाव काढलं नाही.

कायदा असा होता: स्वतःच्या घरात गांजा पिकवला, तर शिक्षा किती ते न्यायाधीश ठरवणार. दुसऱ्याच्या जागेत पिकवला, तर किमान एक वर्ष. मग न्यायाधीश डोकं घरी ठेवून आले तरी चालतं. कायदे करणाऱ्यांना स्वतःची घरं असतात. भाडेकरू त्यांना फक्त मतदार यादीत भेटतो. खालच्या कोर्टाचे न्यायाधीश म्हणालेच, "मला पटत नाही, पण एक वर्षाखाली मला उतरता येत नाही."

मास्तरांच्या वकीलबाईंनी वर अपील ठोकलं. ही सक्तीची शिक्षाच राज्यघटनेविरुद्ध आहे म्हणाल्या. तोवर मास्तर जामिनावर सुटले, पण धास्ती सुटली नाही. पन्नाशीत वर्षभर आत बसायचं म्हणजे बाहेर आल्यावर सुई ओवून देणारंही कोणी उरत नाही.

घरमालकीण मावशी प्रतिज्ञापत्र द्यायला वकीलबाईंच्या ऑफिसात आल्या.

"मावशी, हे खरं लिहिलंत तर तुमच्यावरही खटला होईल," वकीलबाई म्हणाल्या.

"मग काय खोटं लिहू? पाल्याचा लेप माझ्या दुखऱ्या गुडघ्यांना, डबे माझे, बी माझ्या भाचीनं आणलेलं. यानं फक्त माती वर नेऊन लावून दिलं. पाणीसुद्धा मीच घालायचे. हा मेला शिवायला बसला की स्वतः पाणी प्यायचं विसरतो, रोपांना काय घालणार!"

"राहू द्या, मावशी," मास्तर पुटपुटले. "माझं एकट्याचं वर्ष जाईल. दोघांचं कशाला घालवायचं?"

"माझं कुठे जातंय?" मावशींनी चष्मा चढवून कलमावर बोट आपटलं. "घर माझं आहे. मला किमान-बिमान काही नाही. वाचता येतं मला!"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि टेबलावर थाप मारून हसल्या. "चार महिने पुस्तकं उपसतेय मी, आणि मुद्दा बसला होता मालकिणीच्या बोटाखाली!"

वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश होते. सरकारी वकील छाती काढून म्हणाले, "हे कलम घरमालकांच्या रक्षणासाठी आहे."

मधल्या न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र उचललं. "ज्यांचं रक्षण करायचं, त्या तर पाणी घालत होत्या. तीच गच्ची, तीच सहा रोपं. यांच्या शिक्षेचा विचार होणार आणि शिंप्याला विचार न करता एक वर्ष. फरक कशाचा?"

"मालकीचा, साहेब."

"म्हणजे गुन्ह्याचा नाही."

 

ती किमान शिक्षा रद्द झाली. मावशींवर खटला झाला, पण त्या नुसती समज मिळून सुटल्या, आणि मास्तरांचं प्रकरण शिक्षा ठरवायला पुन्हा खालच्या कोर्टात आलं. तेच न्यायाधीश, पण आज माणूस निराळा. काय शिवता, किती वर्षं शिवता, याआधी कधी काही केलंत का, घरी कोण? पाऊण तास विचारत होते. पहिल्या खेपेला नावापलीकडे काही विचारलं नव्हतं. विचारून करणार काय होते?

"तुरुंग नाही," ते शेवटी म्हणाले. "सहा महिने देखरेखीखाली राहायचं. काम चालू ठेवायचं, संध्याकाळी सातच्या आत घरी. देखरेख करायला जबाबदार माणूस आहे कोणी?"

मावशी केव्हाच उभ्या राहिल्या होत्या. "मी आहे ना! पहाटे पाचला उठवीन. तंबाखू बंद. शिवताना रेडिओ बंद. जेवण माझ्यासमोर."

"गच्ची सोडून बाकी सगळं तुमच्यावर सोपवतो," न्यायाधीश हसू दाबत म्हणाले.

मास्तर हळूच वकीलबाईंकडे झुकले.

"बाई, यावर अपील करता येतं का हो?"