शुक्रावरची आई

बायको गेली तेव्हा जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला लेकीला काय सांगावं हेच सुचेना. संध्याकाळच्या चांदणीकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, "आई तिथे राहायला गेली."

आज लेक शाळेतून आली ती रडतच दुकानात शिरली.

"बाबा, ती चांदणी नाही, शुक्र आहे. बाई म्हणाल्या, तिथे शिसंसुद्धा वितळतं. ढगही ॲसिडचे आहेत."

बॅटरीतल्या वितळलेल्या शिशाने आणि ॲसिडने हात कसे भाजतात, हे तिने बापाच्या हातांवर पाहिलं होतं.

"आईला खाली आणा ना."

त्याने हातातली बॅटरी खाली ठेवली. "अगं, ती तिथे नाहीच. मी आपलं उगाच सांगितलं."

"मग कुठे आहे?"

"बाळा, कुठे जाते ते ती सांगून गेली असती, तर मी इथे बसलो असतो का?"