चार नंबरची चिठ्ठी

"परत शिव." शिवलिंगप्पानं टॉवेल माझ्या मशीनवर फेकला. सकाळपासनं अकरावा.

"आता काय झालं?"

"कोपऱ्यात टाका सुटलाय."

"भांडी पुसायचं फडकं हाय अप्पा, लग्नातला शालू न्हाय!"

"पुसणाऱ्या बाईचं बोट अडकंल की त्यात."

हा म्हातारा मला डोळ्यासमोर नको वाटायचा. बत्तीस वर्षं रेल्वेत, कुर्डुवाडीला पॉइंट्समन. कुठली गाडी कुठल्या लायनीवर जाते ते बघायचं काम. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात चेकर. माल पास केला की पाकिटात आपल्या चेकर नंबरची, म्हणजे चार नंबरची चिठ्ठी घालायचा, नि घालायच्या आधी नखानं तिचा कोपरा दुमडायचा. प्रत्येक चिठ्ठीचा! नंबर छापलेला असताना हे कशाला, असं मी एकदा विचारलं.

"छापलेला नंबर कुनीबी घालंल," तो म्हणाला. "दुमडली म्हंजी मी बघितली."

आमच्या टॉवेलांवर इंग्लंड छापलेलं असायचं. घड्याळाचा मनोरा असलेलं गाव, दगडी पूल, कालव्यात लांबुळकी बोट, नि धूर सोडत समोरनं येणारी वाफेची गाडी. तिकडं बंद पडलेल्या गाड्या लोक हौसेनं परत चालवतात, नि त्यांच्या स्टेशनातल्या दुकानात आमचे टॉवेल विकतात म्हणे. हे अजिंक्य सांगायचा. अजिंक्य म्हणजे शेठचा पुतण्या, छपाई त्याच्याकडं. मला त्या चित्राचा रागच यायचा. आमच्या गल्लीत पाच दिवसांनी नळ येतो, घागरीवरनं बायका झिंज्या उपटतात. नि ह्यांच्याकडं कालवाभर पाणी, नुसतं बोटीत बसून फिरायला!

त्या दिवशी नवा लॉट आला. अप्पानं पहिला टॉवेल उचलला, चष्मा पुसून परत घातला, नि बघतच राहिला.

"चित्र उलटं छापलंय."

अजिंक्य हसला. "उलटं? खाली छापलेलं गावाचं नाव तर सुलटं आहे की."

"नावाची छपाईची फ्रेम येगळी असती. ही चित्राची फ्रेम पालथी झालीया. गाडी तिच्या डाव्या लायनीनं चालती. हितं बी नि तितं बी. ही उजव्या लायनीवर हाय. समोरनं दुसरी आली तर?"

"टॉवेलवर ॲक्सिडेंट होतोय का अप्पा?"

बायका फिदीफिदी हसल्या. मी सगळ्यात मोठ्यानं.

"मोबाईलमधला मूळ चित्राचा फोटो उघड," अप्पा म्हणाला. "ताडून बघू."

"उद्या कंटेनर आहे. पास करा."

"मी न्हाय करणार." डबा उचलून तो जेवायला गेला.

अजिंक्यनं अप्पाच्या टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून माझ्यापुढं टाकला. "दिपाली, घालून टाक. आमच्या शेठकाकांना काय कळतंय."

न्हाय म्हणता आलं असतं. मी काय भिते का कुणाला? पण परत आलेले अकरा टॉवेल समोरच पडले होते. घे म्हाताऱ्या, म्हणत मी एकेक चिठ्ठी पाकिटात कोंबली.

अप्पा आला तेव्हा खोकी चिकटवून झाली होती.

"कुनी पास केलं?"

"काकांनी," अजिंक्य म्हणाला.

मालकानंच केल्यावर काय बोलणार? अप्पानं पुढचा गठ्ठा तपासायला ओढला.

तीन महिन्यांनी सगळा माल परत आला. तिकडच्या गाडीवेड्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं म्हणे, चित्र उलटं आहे. शेठनं आमच्यासमोर एक पाकीट फाडलं नि चिठ्ठी अप्पाच्या नाकापुढं धरली.

"हा नंबर कुणाचा?"

"माझा."

"मग पास करताना दिसलं नाही? डोळे गेले असतील तर घरी बसायचं की! लोकांचा धंदा कशाला बुडवता?"

अजिंक्य मोबाईलमध्ये तोंड घालून उभा होता.

अप्पानं चिठ्ठी हातात घेतली. चारी कोपरे अंगठ्यानं चाचपले. सपाट. दुसरं पाकीट उघडलं. सपाट. तिसऱ्यातल्या चिठ्ठीवर मशीनच्या तेलाचा काळा ठसा होता. त्यानं तो बघितला, मग मान वर करून माझ्या हाताकडं बघितलं.

बसमध्ये कंडक्टरशी भांडणारी मी. शाळेत बाईंना उलटं बोलून दप्तर उचलून निघून आलेली मी. दोऱ्याचं टोक दातात धरून उभी राहिले.

"बोला की आता!" शेठ ओरडला.

"नंबर माझा हाय," अप्पा म्हणाला. तेवढंच.

त्यानं डबा पिशवीत घातला. चष्म्याचं घर घातलं. जाताना माझ्या मशीनपाशी थांबला. वाटलं, आता कानाखाली देणार. दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानं ती तेलाच्या ठशाची चिठ्ठी काढली. नखानं तिचा कोपरा दुमडला, नीट, नेहमीसारखा. मशीनवर ठेवली, नि गेला.

खिडकीतनं दिसत होतं. फाटकाबाहेर टेम्पो हॉर्न मारत आडवेतिडवे घुसत होते. अप्पा रस्त्याच्या डाव्या अंगानं चालला होता, कड न सोडता.