वळणावरचा हॉर्न

लढाई संपली आणि शेहेचाळीस साली भिंगारच्या छावणीतून जवान घरी सुटायला लागले. सुटण्याआधी त्यांच्या हाती बाहेरच्या नोकरीचा एखादा कागद पडावा, म्हणून लष्कराने शिकवण्या सुरू केल्या. मोटारीची शिकवणी माझ्याकडे, म्हणजे जैनुद्दीन ड्रायव्हरकडे आली. रणगाड्यांच्या मागून ट्रक हाकलेल्यांना मी काय कपाळ शिकवणार? पण लष्करात लायसन लागत नाही, बाहेर लागतं.

सहादेव त्यांच्यातला सगळ्यात चांगला हात. डोळे मिटून चालवावी इतकी गाडी त्याच्या अंगात मुरलेली. तरी पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. घोडेगावच्या बाजाराचा दिवस होता. हा पठ्ठ्या एका बैलगाडीमागे मैलभर मुक्याने चालला, हॉर्न म्हणून वाजवला नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी शेरा मारला आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. त्याच्या गावच्या, पुणतांब्याच्या सूर्यभानशेटनी सर्व्हिस मोटारीवरची जागा तेवढेच दिवस राखून ठेवली होती. ती गेली तर सहादेवला पोटासाठी पुन्हा परमुलखात जावं लागणार होतं. पाच वर्षं त्याने बायकोचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मुलीचं तर कधीच नाही.

माझं डोकं फिरलं. "हात झडला होता का रे तुझा?"

"उस्ताद, बर्म्यात हारन वाजवला की गोळा यायचा," तो खाली बघत म्हणाला. "आमच्या पुढच्या गाडीनं एकदाच वाजवला. मग पुढं गाडीच न्हवती."

माझा मुलगा अलीमही बर्म्यातच ट्रकवर होता. तीन वर्षांपूर्वी तो बेपत्ता असल्याचं पत्र आलं, नंतर काहीच आलं नाही.

लढाईआधी अलीम लॉरी घेऊन आला की आमच्या गल्लीच्या लिंबाजवळ, वळणावर, दोनदा हॉर्न द्यायचा. त्याची आई बिबीजान लगेच तवा ठेवायची. पत्र आल्यावरही त्या वळणावर कुणाचाही हॉर्न वाजला की ती हातातलं टाकून दाराकडे पळे. मला ते बघवेना. गाडी शिकणाऱ्या पोरांना मी सक्त ताकीद दिली, लिंबाजवळ हॉर्नला हात लावायचा नाही. सरावाला मी गाडी नेहमी मैदानाकडूनच न्यायचो.

सहादेवला हे ठाऊक होतं. एकदा घरी चहाला आला तेव्हा बिबीजानने त्याला सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तिकडं आमचा अलीम कुठं दिसला का रे?" त्याने नुसती नकाराची मान हलवली. कप तसाच राहिला.

पंधरा दिवस मी त्याच्या मानगुटीवर बसलो. हळूहळू तो शेळीला वाजवायला लागला, टांग्याला वाजवायला लागला, मोकळ्या मैदानात कावळ्यालाही वाजवायला लागला. मला हसू यायचं.

परीक्षेच्या दिवशी साहेब पुढे बसले, मी मागे. बाजारातून निघाल्यावर साहेब म्हणाले, "डावीकडे घे." डावीकडे आमची गल्ली. लिंबाच्या पलीकडचं काही दिसत नाही, अशा वळणावर हॉर्न दिला नाही की नापास, हे शेंबडं पोरही सांगेल. सहादेवने गाडी हळू केली. त्याचा हात हॉर्नच्या रबरी फुग्यावर गेला आणि तिथेच राहिला. त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी पेन्सिल काढली.

एवढा गुणी हात माझ्या गल्लीसाठी वाया जाणार, या विचाराने मला स्वतःचीच चीड आली. मी आरशात बघून होकाराची मान हलवली.

हॉर्न वाजला. दोनदा.

बिबीजान पिठाच्या हातांनी दारात आली. गाडी तिच्यासमोरून गेली. तिने सहादेवला पाहिलं, मग मला पाहिलं. मी खाली बघितलं.

सहादेव पास झाला. लायसनाचा कागद त्याने दोनदा वाचून घेतला, माझे पाय धरले. मला मात्र घरी जायचं धाडस होईना. साहेबांनी सांगितलेली वाट, मी काय करणार, असं घोकत मी दार ढकललं.

चुलीवर तवा होता.

"अलीमचे अब्बा," ती म्हणाली, "त्या पोराला ह्या भाकरी नेऊन द्या, वाटंत खाईल. अन् त्याला सांगा, पुणतांब्याच्या येशीवर लांबूनच हारन द्यायचा. घरच्या बाईला तवा ठेवायला येळ मिळतो."

मी भाकरी फडक्यात बांधल्या. चार होत्या. अलीमला चारच लागायच्या.