कोऱ्या पाण्यातलं आम्ल

“जगन्नाथभाऊ, आमच्या बावीला काय धाड भरलीय? आसपास तेलाचा थेंब नाय!” हुसेन प्रयोगशाळेच्या दारातच कडाडला. दापोलीचा हा गडी इथे आखातात, वफ्रा भागातल्या एका शेतावर मुकादम होता. विहीर सील झाली की शेत बंद आणि बारा माणसांचे व्हिसे रद्द.

रिपोर्टवर सही जगन्नाथचीच होती. आखाती युद्धात सांडलेलं तेल नऊ वर्षं वाळूत मुरत होतं. त्यातली आम्लं विहिरींच्या पाण्यात उतरलीत का, हे अहमदीच्या या प्रयोगशाळेत तो तपासायचा. हुसेनच्या विहिरीत ती मर्यादेपेक्षा जराशी जास्त निघाली होती.

“परत बघतो. जा तू, चहा पी.”

रोज आधी कोरं, शुद्ध पाणी यंत्रात तपासायचं असा नियम. घाईघाईत दीड महिना त्याने तो टाळला होता. आज तपासलं. शून्य यायला हवं होतं, ते आलं नाही!

बाटली उजेडात धरली, तर काचेवर तेलकट ठसे. रसायनांनी हाताला भेगा पडतात म्हणून त्याची बायको सीताबाई गुहागरहून घाण्याचं खोबरेल पाठवायची. दीड महिन्यापूर्वी नवी बाटली आली, तेव्हापासून सकाळी तेल चोळायचं आणि त्याच हातांनी रबरी हातमोजे चढवायचे; तेल बाहेरूनही लागायचं. खोबरेलातही आम्ल असतंच. यंत्राला नारळ काय नि खनिज तेल काय, सारखंच!

“अरे गाढवा, वीस वर्षं काय झक मारलीस?” तो स्वतःवरच खेकसला आणि तडक साहेबांकडे गेला.

विश्वाससाहेब पुण्याचे. त्यांनी चष्मा काढला. “दीड महिन्याचे सगळे रिपोर्ट मागे घ्यायचे? अहो, कोण बघतंय?”

“मी बघितलंय ना साहेब.”

“नोकरीवर येईल तुमच्या.”

“येऊ दे. नमुने परत मागवा. एकूण एक मीच तपासतो.”

“आणि गणपतीची रजा?”

तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. “राहू दे.”

एकशे चाळीस बाटल्या. तेल बंद, हात कोरडे ठणठणीत. मोजे काढले की भेगा उलायच्या, साबण लागला की डोळ्यांत पाणी यायचं. पण पठ्ठ्याने एक बाटली सोडली नाही. दोन विहिरींत आम्ल खरंच होतं, त्या सील झाल्या. हुसेनची स्वच्छ निघाली.

चतुर्थीला दुपारी त्याने प्रयोगशाळेतून गावी फोन लावला. मागे आरती चालली होती.

“हातांना तेल लावताय ना?” सीताबाईने विचारलं. “संपलं असेल. आणखी पाठवते.”

“लावतो गो. पाठव.”

फोन ठेवला, तेव्हा रिसीव्हरवर रक्ताचा बारीक ठिपका उमटला होता. तो त्याने बाहीने पुसला आणि नवे हातमोजे चढवले.